कपावरचं झाकण

दुसऱ्यांच्या एक्स-रेला नावं ठेवल्याशिवाय फोटोमास्तरांना चहा गोड लागत नसे. पेशंटनं बाहेरचा फोटो दाखवला, की तो दिव्यासमोर धरून ते म्हणायचे, "हा मणका आहे की धुकं?" वर हेही ऐकवायचे, की आपल्या मशीनला इतरांपेक्षा कमी एक्स्पोजर लागतं, कमी किरणांत काम होतं. ट्यूब बदलल्यापासून खरंच कमी लागत होतं. त्याचं श्रेय मास्तरांनी स्वतःच्या हाताला देऊन टाकलं होतं.

पुतणीलाही त्यांनी असंच ओढून आणलं होतं. तिच्या पाठीचा कणा वाकडा वाढत होता, म्हणून दर काही महिन्यांनी फोटो काढावा लागे. वहिनी तिला घराजवळच्या दवाखान्यात न्यायच्या. "घरचा माणूस असताना तिकडे कशाला?" असं म्हणून, रुसून फुगून, मास्तरांनी त्यांना आपल्याकडे वळवलं होतं. आजही मायलेकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मशीनची तपासणी संपली, की फोटो.

तपासायला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टेबलावर मीटर ठेवलं आणि ट्यूबखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकेक करून वाढवत नेल्या. दर वेळी काचेआड जाऊन मास्तरांनी बटण दाबायचं आणि बाईंनी आकडा बघायचा. थोड्याशा पट्ट्यांतच आकडा निम्म्यावर आला.

"किरण फारच मऊ आहेत," बाई म्हणाल्या. "ट्यूब बदलल्यावर तपासून घेतलं नव्हतं?"

"फोटो झकास येत होते. मग तपासायचं काय?"

बाईंनी आकडा टिपून घेतला. जरा मोकळं वाटावं म्हणून मास्तरांनी आतून चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी कपावरचं झाकण उचललं आणि चहा तसाच राहू देऊन झाकणच न्याहाळत बसल्या. ॲल्युमिनियमचा पातळ चौकोनी पत्रा, चार कोपऱ्यांना स्क्रूची भोकं, कडेला कोरलेला जाडीचा आकडा.

"हे कुठून आलं?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. ट्यूब बसवणारा मेकॅनिक हा पत्रा टेबलावर विसरून गेला होता. त्या दिवशी बाहेर पेशंट ताटकळले होते आणि "आवरा हो लवकर" असा धोशा मास्तरांनीच लावला होता. मागाहून पत्रा दिसला तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण फोटो तर पहिल्यापेक्षा चांगले येत होते. जास्तीचा असेल, म्हणून त्यांनी तो कपावर ठेवून दिला.

खरं तर हे पहिल्याच वर्षी शिकवतात. ट्यूबमधून निघणाऱ्या किरणांत बरेचसे मऊ, म्हणजे दुबळे असतात. ते शरीराच्या पार जात नाहीत, फोटोपर्यंत पोचत नाहीत, वरच्यावर अंगातच मुरतात. त्यांना वाटेत अडवणारी गाळणी म्हणजे हा पत्रा. तो नसताना जे चार किरण जास्तीचे पार जात होते, त्यांच्या जिवावर मास्तर एक्स्पोजरचा कमी आकडा मिरवत होते. मास्तरांना त्या कपाकडे बघवेना.

बाईंनी पत्रा पुसून जागेवर बसवून घेतला आणि पुन्हा मोजलं. आता सगळं ठीक होतं.

"हाय खावी एवढा डोस नाही," त्या म्हणाल्या. "पण अंगात गेला तो फुकट गेला. वारंवार येणारं कोणी आहे? त्यांना सांगावं लागेल."

'तसं कोणी नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. वहिनींना कधीच कळलं नसतं. मास्तरांनी दार उघडलं आणि दोघींना आत बोलावलं.

सगळं सांगताना त्यांची नजर फरशीवरून हलली नाही. आपण कपावर काय ठेवत होतो, हेही त्यांनी सांगितलं.

वहिनींनी मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "भावोजी, तिकडचे फोटो आम्हाला चालत होते."

"हो, वहिनी."

"तुम्ही म्हणालात, धुकं आहे."

त्या आता मुलीचा हात धरून निघून जातील, अशी त्यांची खात्री झाली. जाव्यात, असंही वाटलं. पण वहिनींनी मुलीचा अंबाडा वर बांधून दिला, तिला मशीनपुढे उभं केलं आणि बाईंना विचारलं, "आता बसवलंय ना ते? तुम्ही बघितलंत?"

बाईंनी मान डोलावली. दिराला वहिनींनी विचारलंच नाही.

मास्तर काचेआड गेले. पत्रा आत असल्यानं आकडा वाढवावा लागणार होता. त्यांनी तो वाढवला. पोरगी मान वळवून बघत होती. काकाच्या मशीनचा आकडा तिला पाठ होता. शाळेतही सांगून झाला होता.

"काका, आज जास्त का? आपल्याला तर कमी लागतं ना?"

"नाही गं. सगळ्यांना लागतं तेवढंच आपल्यालाही लागतं," मास्तर म्हणाले. "समोर बघ. श्वास धर."

तिनं लगेच श्वास धरला, नेहमीसारखाच, काही न विचारता. मास्तरांचा हात मात्र बटणावर तसाच राहिला, आणि त्यांना तिला श्वास सोडून पुन्हा धरायला सांगावं लागलं.