जित्या माणसाचा दहावा

आमच्या मालकांनी जितेपणीच सोताचा दहावा घातला. ऐकून तुमाला धक्का बसला ना? मला दसपट बसला, कारण मला ते सुनंनं सांगितलं, तेबी मांडववाला दारात आल्यावर! नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण पिंपळवंडीत त्यांना राघूबाबा म्हणत्यात. वय सत्तर.

कुणाच्या तरी दहाव्याला प्रवचन ऐकून आले. आधी शिकायचं, मग संसार, मग हळूहळू हात काढून घ्यायचा, शेवटी संन्यास. आन् संन्यास घ्यायचा तर आधी सोताचे पिंड सोताच पाडायचे म्हणं. "माझा संसार झाला," म्हणाले. झाला? आन् मी कोण मग, चुलीपाशी बसलेली?

घाटावर ही गर्दी. भगवं नेसून मालक पिंडापुढं बसलेले. माझी जाऊ पुष्पा कानाशी लागली, "बाई, कुकू आज पुसायचं का तेरावा झाल्यावर?" नवरा समोर बसून खोकतोय, आन् मी कुकू पुसू? "मुडदा बशिवला तुझा," म्हणाले मी.

पिंड ठेवला. कावळे पिंपळावर बसलेले, पण खाली एक येईना. "कायतरी इच्छा राहिलीय," लोक कुजबुजायला लागले. माझ्या लेकानं, मच्छिंद्रनं हात जोडले. "आबा, मळा सांभाळीन." कावळा हलंना. "तुमच्या नातीला, ऋतिकाला लई शिकवीन." हलंना. तास झाला. मालकांचं तोंड पांढरंफटक पडलं. आपलं काय राहिलंय ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक व्हतं. बाया तिथं पुढं जात न्हाईत. मी गेले.

"सोळा वर्षांची लग्न होऊन आले," मी म्हणाले. "माझा भाऊ सोपान मेंढरं घेऊन कोकणात निघाला व्हता. मेंढरांमागंच वाढलेली मी. म्हणलं, मलाबी एकदा जाऊ द्या. तुमी म्हणालात, पोरं मोठी झाली की जा, माझा शब्द हाये. पोरं सोडा, नातवंडं मोठी झाली! तो शब्द तसाच ठेवून निघालात व्हय संन्यासाला?"

मालकांनी मान खाली घातली. मग मी पिंडापुढं हात जोडले. रागाच्या भरात बोलून गेले, "दिवाळी झाली की मी सोपानच्या मेंढरांबरोबर कोकणात जाणार."

फडफड झाली. कावळा उतरला, भाताचं शीत उचललं आन् उडाला.

मग माझं मलाच उमगलं. बासष्ट वय, गुडघे दुखतात, आन् कावळ्यापुढं दिलेला शब्द मागं घेता येत न्हाई! आता जावंच लागणार व्हतं.

मालक भगवं सावरत उठले. "आगं, पण माझी भाकर..." तोंडातनं निसटलंच त्यांच्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"मेलेल्याला कसली भाकर," मी म्हणाले.

ते जवळ आले. डोळे भरलेले. हळूच म्हणाले, "परत कवा येशील?"

शेहेचाळीस वर्षांत या माणसानं मला पयल्यांदाच कायतरी विचारलं व्हतं.