कोरडवाहूचा सत्कार

झुबेरनं ड्रम मांडून बूड टेकवलं न टेकवलं तोच दोघंजण सोफा उचलून स्टेजवर चढले.

"ओ मिस्त्री, सरका जरा."

"मिस्त्री कुणाला म्हणलालास?" झुबेर म्हणाला.

"मग कोण हाव तुमी?"

"ज्यांचा सत्कार हाय, त्यातला एक."

दोघांनी एकमेकाकडं बघितलं. सोफा काही खाली ठेवला नाही. "मग तर खुर्चीवर जाऊन बसा की. सत्काराच्या माणसानं सामानाला हात लावायचा नसतो." असं म्हणून त्यांनी ड्रम पायानंच मागं सरकवला, थेट पडद्याला टेकेपर्यंत, आणि सोफा तिथं मांडला. वर पांढरा टॉवेल अंथरला.

विरुपाक्ष खाली वायरी जोडत होता. त्यानं बघितलं आणि पुढची वायर जोडायला घेतली. गाणं व्हायचं होतं. तेवढ्यासाठी सोफाच काय, आणखी चार गोष्टी गिळायची त्याची तयारी होती.

सास्तूरच्या शाळेचं मैदान. गावचे पुढारी आबा यांचा वाढदिवस, आणि त्यानिमित्त गावातल्या गुणवंतांचा सत्कार. पोलीस भरतीत लागलेलं एक पोरगं, डॉक्टरकीला नंबर लागलेली एक पोरगी, कबड्डीवाले, आणि शेवटी हे तिघं. विरुपाक्ष गायचा आणि गिटार वाजवायचा, युवराज बेस गिटार, झुबेर ड्रम. बँडचं नाव कोरडवाहू. लग्नात वाजवतात तो बँड न्हाय, हे सांगून सांगून तिघांची तोंडं दुखायला लागली होती. रॉक आहे म्हणावं तर ऐकणारा आणखीच गोंधळायचा. सगळी गाणी स्वतःची, आपल्याच बोलीतली. पुण्यात हॉटेलात वाजवलं तर लोक जेवत बसले. गावात गणपतीत वाजवलं तर दुसऱ्याच गाण्याला कुणीतरी जनरेटर बंद केला आणि अंधारातून आवाज आला, "शरणप्पा, पोराला दवाखान्यात दाखवा." सगळा मांडव हसला होता. शरणप्पा म्हणजे विरुपाक्षचे वडील, अप्पा, पुढच्याच रांगेत होते. ते उठले, चपला घातल्या आणि घरी गेले.

मग मुंबईच्या कुठल्या तरी वेबसाइटनं लिहिलं, की कुणी ऐकले नाहीत पण ऐकायलाच पाहिजेत असे बँड कोणते. त्यात कोरडवाहूचं नाव आलं. 'मल्लम्मा' या गाण्याचं तर लईच कौतुक केलं. ते गावाच्या व्हॉट्सॲपवर फिरलं. गाणं काही कुणी उघडलं नाही, पण अंगठे सगळ्यांनी दाखवले. आणि आबांच्या पोराचा, रणधीरचा फोन आला. "सामान घेऊन या. सत्कार करू, दोन गाणी म्हणा."

मल्लम्मा म्हणजे विरुपाक्षची थोरली बहीण. त्र्याण्णवच्या पहाटेच्या भूकंपात गेली. नुकतीच शाळेत घातली होती. विरुपाक्ष त्यानंतर जन्मला. अव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यानं ते गाणं बांधलं होतं. अप्पांच्या तोंडून घरात मल्लम्माचं नावसुद्धा कधी निघालं नव्हतं. आज अप्पांनी समोर बसून ते ऐकावं, एवढ्यासाठी तो पुण्याहून टेम्पो करून आला होता. शालीचं त्याला काही नव्हतं.

अव्वा बायकांत पुढं बसली होती, ठेवणीतलं इरकल नेसून. अप्पा काही दिसले नाहीत. येतील, त्यानं मनाला सांगितलं.

नाव पुकारलं. "कोरडवाहू शेतीच्या प्रश्नावर काम करणारे आपले तीन तरुण!" टाळ्या पडल्या. फेटा, शाल, नारळ. आबांनी गळ्यात हार घालता घालता कानाशी विचारलं, "कुठल्या पिकावर हाय तुमचं काम?"

"ज्वारी," झुबेर म्हणाला.

"छान. करत ऱ्हावा."

फोटो झाले. विरुपाक्ष माइककडं वळला तर रणधीरनं त्याच्या आधी माइक उचलला. वेळ कमी आहे, आबा आता दोन शब्द बोलतील. आबा बोलले, सूर्य कलेपर्यंत बोलले. मग केक आला, मग फटाके, मग खुर्च्या गोळा व्हायला लागल्या.

विरुपाक्षनं रणधीरला स्टेजमागं गाठलं.

"दोन गाणी म्हणला व्हताव तुमी."

"म्हणलो व्हतो."

"मग?"

रणधीर बोटाचा केक रुमालाला पुसत म्हणाला, "माझ्यावर डोळे काढू नको. तुझ्या अप्पांनीच सांगितलं. सकाळी घरी आले. सत्कार करा म्हणले, पर गाऊ देऊ नगा. हात जोडले रं त्यांनी. एवढी वर्षं एस.टी.त कंडक्टर व्हते, सायबापुढं बी कधी हात जोडले न्हाईत त्या माणसानं. मी काय करू?"

युवराज आणि झुबेर टेम्पोत सामान भरत होते. विरुपाक्ष गिटार पाठीवर टाकून तसाच निघाला. फेटा काढायचंही भान नव्हतं. रस्त्यात दोघा-तिघांनी हसून नमस्कार केला. त्याला ते हसू गणपतीतल्यासारखंच वाटलं.

अप्पा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"एवढी लाज वाटती व्हय माझी?" विरुपाक्ष म्हणाला.

"बस."

"मुंबईच्या लोकांना कळतंय. आन् माझा बाप हात जोडून सांगतोय, माझ्या पोराला गाऊ देऊ नगा."

"मी बी ऐकलंय गाणं." अप्पांनी मान वर केली नाही. "पाठ हाय मला. झोपेतच गेलीस मल्लू, माती पांघरून, तुला जाग न्हाय आली. आसंच हाय न्हवं?"

स्टॉपची नावं घ्यावीत तशा कोरड्या आवाजात त्यांनी ती ओळ म्हटली. विरुपाक्ष खाली बसला.

"ती झोपेत न्हवती," अप्पा म्हणाले.

समोरून एक मोटारसायकल गेली. ती वळणापार होईपर्यंत ते थांबले.

"उजाडलं तरी हाका मारलालती. आधी मला. मग अव्वाला. मग नुस्तं पाणी म्हणायची. माळवदाचं घर. वरची माती काढावी तेवढी परत खाली यायची. आमी काढतच व्हतो. मग गप झाली." अडकित्ता त्यांनी मांडीवर ठेवला. "तुझ्या अव्वाला तवर बेशुद्ध सोलापूरला नेलं व्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं पयलं हेच इचारलं. मी म्हणलं, झोपेतच."

विरुपाक्षनं डोक्यावरचा फेटा काढून ओट्यावर ठेवला.

"माझ्यासंगं माती काढणारे आज म्होरंच बसणार व्हते. दगडोबा, सरदारभाई. चांगली माणसं हायेत. पर तुझं गाणं आसं हाय, की ऐकून एखाद्याला ऱ्हावलं नसतं. झोपेत कुठं रं, पोर हाका मारलालती, म्हणून गेला असता. आन् तुझी अव्वा तितंच व्हती." मग म्हणाले, "गाणं चांगलं हाय. वाईट असतं तर म्हणू दिलं असतं."

तेवढ्यात अव्वा आली. हातात त्याचा नारळ आणि शाल. शाल तो खुर्चीवरच विसरला होता.

"का रं, गाणं का न्हाय म्हणलास? कवाधरनं जागा धरून बसले व्हते मी."

"येळ न्हाय मिळाला, अव्वा."

"आबाला केक कापायला बरा मिळाला." ती उंबऱ्यात टेकली, शालीची घडी घालत. "घरात म्हण मग. मल्लूचं म्हण."

"तार तुटलीय."

"म्हण," अप्पा म्हणाले. "घरात म्हण."

त्यानं गिटार बाहेर काढली. तारा सगळ्या होत्या, त्या अव्वानं बघितल्या की नाही कुणास ठाऊक. हळू आवाजात सुरू केलं, शेजारी जाणार नाही इतक्या. त्या ओळीजवळ आल्यावर तो नुसत्या ताराच छेडत राहिला. पण अव्वा ओठ हलवत होती. त्याच्याआधीच तिनं ती ओळ म्हटली, आणि मग त्यालाही म्हणावी लागली.

गाणं संपल्यावर अव्वानं पदर डोळ्याला लावला. चेहरा मात्र निवांत होता.

"अगदी आसंच झालं व्हतं," ती म्हणाली. "व्हय की न्हाय ओ?"

अप्पांनी अडकित्ता उचलला, त्यात सुपारी धरली, आणि न कातरताच धरून बसले.

"व्हय," ते म्हणाले.

"आणिक एकदा म्हण रं," अव्वा म्हणाली.