साडेचार

खडूच्या चुऱ्यात लपून राहिलेली एक टॉफी... पिवळा कागद, दोन्ही टोकं पिळलेली. मोजपट्टी काढायला खणात गेलेली तिची बोटं तिथंच अडली. तोंडाला पाणी सुटलं — बारा दिवसांनंतरही इतकं! — आणि त्याचा तिला रागही आला, गंमतही वाटली.

कपड्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कापड कापत होती. नवरा गेल्यापासून दुपारी तीनला टॉफी ठरलेली; एक, मग दुसरी, मग मोजायचं कशाला... तासभर हात विजेसारखे चालत, शिलाईच्या मुलींशी थट्टा रंगे, आपल्यासारखं कापणारं पंचक्रोशीत कुणी नाही असं वाटे — आणि मग साडेचारच्या सुमारास आतून कुणी बूच काढल्यासारखं सगळं ओसरून जाई. डोकं जड, बोटं कापरी, जिभेला धार. मुली पाठीमागं तिला ‘साडेचार’ म्हणत. रजा मागायची तर त्याच्या आत माग, असं प्रत्येक नवीला पहिल्याच दिवशी बजावलं जाई. तिला हे ठाऊक होतं. स्वभावच आहे माझा, ती म्हणे.

स्वभाव! बारा दिवसांपूर्वी लेक अगदी शांतपणे म्हणाली होती, “आई, तू घरी आलीस की मी पुस्तकात डोकं घालते ना, ते अभ्यासासाठी नसतं.” एवढंच. पर्समधल्या टॉफ्या तिनं तिथल्या तिथं केराच्या डब्यात ओतल्या. चार दिवस डोकं ठणकलं. पाचव्या दिवशी नळ सोडून ती रडली, कशासाठी ते कळेना. आठव्या दिवशी मात्र साडेचार वाजून गेले आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

“मास्तरीणबाई,” मालकीणबाई दारातून म्हणाल्या, “मखमल आलीय. सोळा थर. चुकली तर पुन्हा मिळायची नाही हं. सकाळी घ्यायची का? आता तुमची... म्हणजे, चार वाजून गेलेत.”

यंत्रांची घरघर मंदावली. सगळ्या कान देऊन बसलेल्या.

“आत्ताच घेते,” ती म्हणाली आणि खण लोटून दिला.

पातं मखमलीत शिरलं. खांद्याचा उतार, मग काखेचं वळण — इथंच, इथंच मनगट दगा देतं... आणि देत नाहीये, माझंच मनगट, थंड, जागं, मी सांगेन तिकडे वळणारं! — ही थरथर मी वयावर ढकलली, चिडचीड त्याच्या जाण्यावर, पोरीच्या गप्प बसण्यावर, नशिबावर, कशाकशावर... आणि मी इथंच होते, सगळी.

पातं पलीकडून बाहेर पडलं. सोळाही थर एकसारखे. मालकीणबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. एका मुलीनं टाळी वाजवली, मग घाबरून हात मागं घेतले.

“टाळ्या कसल्या वाजवतेस? बाह्या जोड!” ती ओरडली, आणि स्वतःच हसत सुटली. मग सगळी खोलीच हसली.

घरी जाताना पाय दुखत होते, दिवसभर उभं राहिल्याचं साधं दुखणं. त्याखाली मात्र आणखी काहीतरी होतं... तो गेल्याचं दुःख, इतकी वर्षं गोडाखाली दाबून ठेवलेलं, जसंच्या तसं. आता ते वाढेल, की विरेल? कोण जाणे. पण त्याच्यापासून पळावंसं तिला वाटेना. ते सोबत घेऊन ती चढ चढू लागली, आणि तिची पावलं आपोआप झपझप पडू लागली.