माणशी कचरा

बोंडअळीनं कापूस पोखरला त्या साली नेरमध्ये मान वर करून चालणारी माणसं कमीच उरली होती. चारुदत्त सरकी काढायच्या ज्या जिनिंग मिलमध्ये हिशेबनीस होता ती लवकरच थंडावली आणि तो दिवसभर सोफ्यावर बसून राहू लागला. त्याच्या बायकोनं, भैरवीनं मात्र मान खाली घातली नाही. सरकारनं प्लास्टिकबंदी आणली, ओला-सुका कचरा वेगळा करणं सक्तीचं केलं, तेव्हा कॉलनीतल्या बायका कुरकुरल्या. हिनं जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, अंगणात खताचा ड्रम मांडला आणि घंटागाडीत टाकण्याजोगं घरातून जवळजवळ काही निघेनासं केलं. बायका ड्रम बघायला येऊ लागल्या, मूठभर खत नाकाशी नेऊन म्हणू लागल्या, "माय, मातीसारखा वास येते हो!" माणशी सर्वांत कमी कचरा करणाऱ्या घराचा सत्कार होणार असं नगरपरिषदेनं जाहीर केलं, तेव्हा तो कुणाचा होणार हे कॉलनीत कुणाला विचारावं लागलं नाही.

वैशाखातल्या एका सकाळी ओल्या कचऱ्याच्या डब्यात तिला सीताफळाच्या बिया दिसल्या. काळ्याभोर, चोखून स्वच्छ केलेल्या.

"तुम्ही सीताफळ खाल्लं?"

"वैशाखात कुठचं सीताफळ?" चारुदत्त म्हणाला आणि त्यानं पेपरात डोकं घातलं.

तिनं बिया ड्रममध्ये टाकल्या. पण मग रोज काही ना काही निघू लागलं. विड्याच्या पानांचे देठ, आणि घरात पान कुणी खात नव्हतं. बोटाला गुंडाळून काढलेला लांब पांढऱ्या केसांचा पुंजका. एकदा सुक्या डब्यात फुटकी हिरवी बांगडी. दारं तर आतून बंद असत. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण त्याआधी तिच्या ध्यानात आलं की टाकणारं जे कुणी होतं ते एकदाही चुकत नव्हतं. देठ आणि केस ओल्यात, काच कागदात नीट गुंडाळून सुक्यात. चारुदत्तला अजून जे जमलं नव्हतं ते. आपल्या घराचं वळणच तसं, असं तिच्या मनात अभिमानानं येऊन गेलं, आणि त्या अभिमानानं ती दचकली.

"पाहुणे येऊन राह्यले काय, बाई?" घंटागाडीवरच्या बिजलीबाईनं एकदा डबा उचलत विचारलं. भैरवी नाही म्हणाली आणि पटकन आत वळली.

तपासणीला नगरपरिषदेच्या मिताली मॅडम आल्या तेव्हा फाटकाबाहेर बायका ताटकळत उभ्या होत्या. मॅडमनी दोन्ही डबे काट्याला लावले, कागदावर आकडे मांडले, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

"वेगळं केलंय फारच सुरेख," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण दोघांच्या मानानं जास्त भरतं हो. घरात माणसं दोनच ना?"

भैरवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फाटकाबाहेर कुणीतरी हसलं. कशाला, ते तिला कळलं नाही.

"तिघं," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "आम्ही तिघं आहोत."

मॅडमनी भागाकार पुन्हा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग तर अख्ख्या नेरमध्ये तुम्हीच पहिल्या!" बाहेर टाळ्या पडल्या. भैरवीनं पदर सावरून त्या ताठ मानेनं घेतल्या, आणि सगळ्या पांगल्यावर घरात आली.

"तिघं सांगितलं मी," ती म्हणाली. चारुदत्त रागावेल, निदान हसेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं पेपर खाली ठेवला. जिनिंग बंद पडल्यापासून इतका निवांत चेहरा तिनं त्याचा पाहिला नव्हता.

"बरं झालं," तो म्हणाला. "मले वाटे, तुले त्या दिसतच नाहीत."

तो सोफ्याच्या कडेला सरकला. मोकळ्या झालेल्या जागेवर ती बसायला वाकली, तोच त्यानं घाईघाईनं हात आडवा धरला.

"मधात नको," तो हळूच म्हणाला. "तू तिकडच्या बाजूनं बस."