चादरींच्या रोलरची जाळी

मी एक जुने छपाईयंत्र आहे. एका लहान साप्ताहिकाच्या मागच्या खोलीत मला बसवले आहे. मित्रांनो, दर गुरुवारी माझी शाई पुसायला एक बाई चिंध्या आणून देत असे. ती मोठ्या लाँड्रीत चादरी दाबून इस्त्री करणाऱ्या रोलरवर काम करायची. "काका, तुमचं यंत्र माझ्या नवऱ्यासारखंच आहे. पुसूनबिसून दिल्याशिवाय हलत नाही," असे ती छपाईवाल्या काकांना म्हणायची.

एका गुरुवारी ती आली नाही, तिचा नवरा आला. तो सुतार. तिने घरी बांधून ठेवलेले चिंध्यांचे गाठोडे त्याने टेबलावर ठेवले. "ती काल गेली. कामावरच," एवढेच म्हणाला.

लाँड्रीच्या मालकाने बातमी आधीच लिहून पाठवली होती. हात घसरून रोलरमध्ये गेल्याने कामगार महिलेचा मृत्यू. मोठ्या वर्तमानपत्रांनी तेवढ्याच दोन ओळी छापल्या होत्या. आमच्या संपादकबाईंनी त्या वाचून दाखवल्या.

"घसरायला ती काय बर्फावर उभी होती?" सुतार म्हणाला. "रोलरपुढे जाळी असते ना, बाई?"

बाई त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. मलाही रोलर आहेत आणि त्यांच्यापुढे जाळी आहे.

"घाल बोटं," काका म्हणाले.

त्याने प्रयत्न केला. बोटे आत गेली नाहीत.

"मग तिथली जाळी कुठे गेली?" बाईंनी विचारले आणि त्या दोन ओळींचा कागद फाडून टाकला.

उत्तर लगेच मिळाले नाही. कित्येक संध्याकाळी बाई लाँड्रीच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. कामाच्या बाया मान खाली घालून निघून जात. शेवटी इस्त्रीवाली मावशी थांबली.

"जाळीत चादर अडकते, काम तुंबतं, म्हणून मालकांनी काढली. परत मागितली तर म्हणाले, भीती वाटते तर घरी बसा."

आणखी दोघींनी तेच सांगितले, तेव्हाच बाईंनी ते लिहिले. मालकालाही विचारले. तो म्हणाला, "यंत्रच जुनं आहे."

मित्रांनो, मला फार राग आला. रोलरला डोळे नसतात. जाळी काढणाऱ्याला होते!

आम्ही पहिले पान तिलाच दिले. ती कोण होती, कशी हसायची, जाळी का काढली, सगळे छापले. मालकाचा माणूस आला. "एका बाईसाठी एवढा कागद?"

"पुढच्या अंकातही तीच आहे. घ्यायला या," बाई म्हणाल्या. तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात काकांनी मला चालू केले. मीही मुद्दाम खडखडले.

मला हार घालू नका, मित्रांनो. तेल द्या, कागद द्या. आणि तुम्ही मोठे होऊन जिथे काम कराल, तिथली जाळी कुणाला काढू देऊ नका.

आता गुरुवारी चिंध्या सुतार आणतो. बाई विचारतात, "बसवली?"

तो नाही म्हणून मान हलवतो. चादरींच्या रोलरवर जाळी अजून बसवलेली नाही.