पास्कलच्या पाठीआड

भालचंद्रने पास्कलच्या सायकलचं कॅरियर धरलं आणि सायकल ओढत सगळ्यांच्या पुढे आणून उभी केली.

"घर येईपर्यंत पुढं तूच राहायचं. कोनी बदली द्यायची नाय."

 विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून पास्कलने टांग मारली. बाकीचे सहाजण त्याच्या मागे एका ओळीत लागले.

सकाळी वज्रेश्वरीकडे जाताना वेगळं ठरलं होतं. चैत्रातली दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो आणि तो वसईकडे परतणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. म्हणून एकेकाने आळीपाळीने पुढे राहायचं, बाकीच्यांनी त्याच्या पाठीआड दम खायचा. पण सकाळी सगळ्यांना वाटत होतं, येताना कॅरियरवर जिंकलेली ढाल बांधलेली असेल.

गेली तीन वर्षं त्यांचा वटारचा संघ हुतूतूच्या शेवटच्या सामन्यात हरत होता. आज ढाल हातात आल्यासारखीच होती. समोरचा गडी दम घेत घुमला, परत गेला, पंचाने कुणालाही बाद दिलं नाही. त्या गड्यालाही काही कळलं नव्हतं. आणि पास्कलने स्वतःच बाद असल्याचा हात वर केला. गड्याच्या पायाचा अंगठा म्हणे त्याच्या नडगीला लागला होता. हातांच्या साखळीत त्याच्या शेजारी भालचंद्र होता. त्यानेही ते पाहिलं होतं. त्याने पास्कलचा हात गच्च दाबून धरला, तर पास्कलने तो हिसडा मारून सोडवला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. एका गुणाने गेली ढाल. असल्या माणसाचं करायचं तरी काय?

"पापाची कबुली फादरला द्यायची असते रे," रुडॉल्फ मागून ओरडला. "पंचाला नाय."

सगळे हसले. पास्कलची मान तेवढी खाली गेली.

शिरसाडपर्यंत डोंगराची आड होती. ती संपली आणि वारा असा अंगावर आला की पास्कलची सायकल एकदा आडवीच होत होती. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ. तो सीटवरून उठून पायडल मारू लागला. सदरा पाठीला चिकटला. मागच्यांना तितकंसं काही जाणवत नव्हतं.

"उद्यापासून मैदानात पाय ठेवू नको," भालचंद्र त्याच्या पाठीला सांगत होता. "ऐकतो का? तुझ्या जागी दुसरा घेऊ."

विरारला चहाला थांबले तेव्हा पास्कलला ग्लास नीट धरवेना. दोन्ही हातांनी धरून त्याने चहा संपवला. रुडॉल्फ ते बघत होता.

"आता मी होतो पुढं," तो हळूच म्हणाला.

"नाय," भालचंद्र म्हणाला. "ढाल त्यानं घालवली. वारा त्यानंच खायचा."

यावर कुणी हसलं नाही. सोपारा मागे पडलं. पास्कलच्या सायकलची साखळी कुरकुरत होती, तेवढाच आवाज. एकदा ती उतरली. तो खाली बसून बसवत असताना सहाही जण उभे राहिले. रुडॉल्फ मदतीला वाकला, पण पास्कलने मान हलवून नको म्हटलं.

उमराळ्याच्या फाट्यावर पास्कलचं घर. तो सायकलवरून उतरला. क्षणभर हँडलला टेकून राहिला.

"येतो," म्हणाला आणि सायकल हाताने ढकलत झाडांमध्ये दिसेनासा झाला.

पुढे वटारपर्यंत नुसती उघडी भातशेतं. सहा सायकली फाट्यावरच घोटाळल्या. कुणी पुढे होईना.

"चला, मी होतो," भालचंद्र चिडून म्हणाला. "या मागं."

त्याने पायडल मारलं आणि वाऱ्याने त्याला छातीवर धरून थांबवल्यासारखं केलं. चार शेतं ओलांडेपर्यंत तोंडाला कोरड पडली. एवढा वेळ हे चाललं होतं तर. तो विचार त्याने झटकून टाकला आणि मागे पाहिलं.

पाठीआड कुणीच नव्हतं. पाचही जण रस्ताभर पांगले होते, जो तो आपापल्या वाऱ्यात, माना खाली घालून.

"अरे, माझ्या मागं लागा ना. कशाला दमता?"

रुडॉल्फ जोर लावून त्याच्या बरोबरीला आला. त्याला धाप लागली होती.

"नको. आज लई बसलो कोनाच्या तरी मागं."

"म्हंजे?"

"उद्या त्याला बोलवायला तू जायचं. तू एकट्यानं. तो आला तर आम्ही खेळायला येऊ."

भालचंद्रच्या तोंडाशी शिवी आली होती. पण शिवी द्यायलाही दम लागतो, आणि त्याचा सगळा दम पायांत गेला होता. वटारच्या केळी लांब दिसत होत्या, वाऱ्याने पार वाकलेल्या.