मयताच्या आंघोळीचं पाणी

नायजेरियातल्या एनुगूजवळच्या त्या गावात अंत्यविधीच्या सकाळी दोन बोकड कापले. तिसरा बांधून ठेवला होता. आरोप शाबीत झाला की जेवायला माणसं वाढतात, हा मयताच्या थोरल्या भावाचा, ओक्वुडिलीचा अनुभव.

आरोप होता धाकट्या भावजयीवर, उझोमावर. तिचा एकतिशीचा धडधाकट नवरा चिदुबेम पाच महिन्यांत गेला, तो बायकोच्या विषाशिवाय कसा? रीत ठरलेली. मयताच्या आंघोळीचं पाणी विधवेनं प्यायचं. नाही प्यायली, तर पोरीला ठेवून घराबाहेर.

उझोमा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या स्लाइडी रंगवायची. नवऱ्याच्या लघवीत रक्त दिसलं तेव्हाच ती तपासणीला चल म्हणत होती. ओक्वुडिलीनं त्याला बरं करायला म्हणून चार महिने प्रार्थनाघरात उपाशी ठेवलं. उजव्या बरगडीखाली गाठ हाताला लागली, तेव्हा कुठे सोडलं.

वाडगा पुढे आला. उझोमानं दोन कागद काढले. पहिला चर्चनं लग्नाआधी मागितलेला रक्ताचा दाखला: ती एए, तो एएस, म्हणजे सिकलसेलचा वाहक. एएसची धास्ती गावाला फक्त लग्न जुळवताना, दोघंही एएस निघाले तर पोराला सिकलसेल होईल म्हणून. जोडीदार एए मिळाला की दाखला फायलीत, माणूस निर्धास्त. दुसरा गाठीचा अहवाल. त्या गाठीच्या तुकड्याची स्लाइड तिनंच रंगवलेली. मूत्रपिंडाच्या गाभ्यातला दुर्मीळ कॅन्सर, तरण्या एएस माणसांना गाठणारा. रक्तवाहिन्यांत विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी. वाढीला लगाम घालणारं प्रथिन गाठीच्या एकाही पेशीत नाही.

"दोष रक्तातला आहे, भाऊजी, आणि रक्त तुमच्या घरचं. तुमच्या लग्नाचाही दाखला एएस. आधी तुम्ही प्या, मग मी."

हजारो एएस माणसांना हा आजार शिवतही नाही, हे तिला ठाऊक होतं. ती बोलली नाही.

म्हातारी सासू म्हणाली, "पी की रे. निर्दोषाला काही होत नाही, तूच सांगत होतास."

ओक्वुडिलीनं वाडग्याला हात लावला नाही. त्यानंतर उझोमाला घराबाहेर काढायचं कोणी नाव काढलं नाही. तिसरा बोकड वाचला.

तीन महिन्यांनी ओक्वुडिली कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा राहिला. लघवी लालसर होती.

"आजच सोनोग्राफी करू," उझोमा म्हणाली. "मी कोणाला चार महिने उपाशी ठेवत नाही. पण शनिवारी शेजारच्या आवारात विधवेपुढे वाडगा येणार आहे. तो तुम्ही मातीत ओतून टाकायचा, सगळ्यांदेखत. आणि भाऊजी, हात थरथरले तर थरथरू द्या. लोकांना दिसायला हवं."